कोळशाच्या खाणीतील गाऱ्हाणे : पेनसिल्व्हेनियाचा १९०२ चा संप

धर्मग्रामाच्या कार्यालयात काही वर्षे बसलेल्या कोणत्याही धर्मगुरूला एक अनुभव हमखास येतो. बांधावरून भांडणारे भाऊ, मजुरी अडकलेला गवंडी, भाड्याच्या खोलीतून निघण्याची नोटीस आलेली विधवा, अशी माणसे दाराशी येतात. हातात कागदांची पिशवी असते, डोळ्यांत संताप असतो. आपण त्यांना खुर्ची देतो, पाणी देतो आणि मध्ये न बोलता ऐकून घेतो. तासाभराने प्रश्न सुटलेला नसतो, पण माणूस पुष्कळसा निवळलेला असतो. उठता उठता तो बहुधा एकच वाक्य बोलतो, "फादर, आजवर कुणी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं."

हाच अनुभव एकदा एका संपूर्ण मुलखाला आला. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९०२ साली कोळशाच्या खाणीतील सुमारे १ लाख ४७ हजार कामगार संपावर गेले. तत्पूर्वी त्या मुलखात तीस-पस्तीस वर्षे खून, फाशी, गोळीबार आणि उपासमार यांचे चक्र चालू होते. ते चक्र कसे मंदावले, हे सांगणारा हा इतिहास आहे. त्यात एका धर्मगुरूचा आणि एका बिशपांचा वाटा असल्यामुळे आपल्या वाचकांना तो जवळचा वाटावा.

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझल्टन या शहरांभोवतीच्या डोंगरांखाली अँथ्रासाइट नावाचा कठीण कोळसा आहे. तो पेटायला वेळ घेतो, पण एकदा पेटला की जवळजवळ धूर न करता दीर्घकाळ उष्णता देतो. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन या शहरांतील घरे हिवाळ्यात याच कोळशावर ऊब धरीत. बहुतेक खाणी रेल्वे कंपन्यांच्या हाती होत्या. कोळसा काढणारा आणि वाहून नेणारा मालक एकच, त्यामुळे दर ठरविणाराही तोच.

खाणीत उतरणारे प्रथम वेल्श, इंग्रज आणि आयरिश होते. पुढे पोलिश, स्लोव्हाक, लिथुएनियन, इटालियन असे युरोपातील गरीब शेतकऱ्यांचे तांडे आले. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक. एकेका खाणगावात आयरिशांचे चर्च वेगळे, पोलिशांचे वेगळे, लिथुएनियनांचे वेगळे. एकमेकांची भाषा त्यांना समजत नसे, आणि मालकांना ते सोयीचे होते.

या माणसांचे जिणे समजून घेतल्याखेरीज संपाचे कारण कळणार नाही. खाणीत छत कोसळणे, वायूचा स्फोट होणे, सुरुंग अवेळी उडणे हे नित्याचे होते. शतकाच्या अखेरीस त्या एका टापूत वर्षाकाठी चारशे-पाचशे माणसे मरत. ६ सप्टेंबर १८६९ रोजी एव्हनडेल येथील खाणीच्या एकमेव उभ्या बोगद्याला आग लागली. बोगद्याच्या तोंडावरच लाकडी कारखाना उभारलेला होता. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि ११० जीव गेले. त्यानंतर १८७० साली राज्याने खाणीला दोन मार्ग असलेच पाहिजेत असा कायदा केला व निरीक्षक नेमले. मात्र मेलेल्याच्या कुटुंबाला भरपाई देण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नव्हती. खाणीत मेलेल्या माणसाचे प्रेत गाडीतून आणून त्याच्या घराच्या ओट्यावर ठेवले जाई आणि गाडी परत फिरे.

खाणीच्या तोंडाशी ‘ब्रेकर’ नावाचे उंच कारखाने असत. तेथे वरून घरंगळत येणाऱ्या कोळशातून पाटीचा दगड वेचण्यासाठी लहान मुले बसवीत. दहा-दहा तास वाकून बसायचे, बोटे रक्ताळायची, काळी धूळ नाकातोंडात जायची. वयाची अट कायद्यात होती, परंतु बापाने शपथेवर वय वाढवून सांगितले की काम मिळत असे. बापही काय करणार? त्याचा स्वतःचा पगार घराला पुरत नव्हता.

पगार न पुरण्याचे एक कारण वजनकाट्यावर होते. व्यवहारातील मोठा टन २,२४० पौंडांचा. पण कामगाराच्या नावे एक टन मांडायचा तर अनेक ठिकाणी २,७०० पौंडांहून अधिक कोळसा वर पाठवावा लागे. जेथे गाडीवर मजुरी होती, तेथे गाडीचा आकार वर्षागणिक मोठा होई. खाणीच्या गाड्या जित्या लाकडाच्या आहेत, त्या आपोआप वाढतात, अशी कामगारांत थट्टा चाले. शिवाय दगड निघाला म्हणून कंपनीचा माणूस मनास येईल तेवढी गाडी कापून घेई, आणि त्यावर दाद मागायला जागा नव्हती. कित्येक गावांत घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टरही कंपनीचा. सगळ्यांची वजावट पगारातूनच होई.

मग हा कामगार न्यायालयात का गेला नाही, असा प्रश्न पडेल. त्याला कायदा माहीत होता, पण तो कायद्याच्या दुसऱ्या बाजूने. १८६६ पासून पेनसिल्व्हेनियात खाण कंपन्यांना स्वतःचे खाजगी पोलीस ठेवण्याची मुभा होती. पगार कंपनीचा आणि अधिकार सरकारी, अशी ती व्यवस्था. १८७७ ते १८७९ या काळात ‘मॉली मॅग्वायर’ या गुप्त संघटनेचे सभासद म्हणून २० आयरिश माणसे फासावर चढविण्यात आली. खाणीचे अधिकारी मारले गेले होते, हे खरे. त्या हिंसेचा फिलाडेल्फियाच्या आर्चबिशपांनीही कडक निषेध केला होता. तथापि तपास खाजगी गुप्तहेर संस्थेचा, अटक कंपनीच्या पोलिसांकडून, आणि काही खटल्यांत सरकार पक्षाचे वकील म्हणून खुद्द रेल्वे कंपनीचे अध्यक्षच उभे! अशा न्यायदानावर कोण विश्वास ठेवील? त्यांचा नेता म्हणून फाशी गेलेल्या जॉन केहो याला राज्याच्या गव्हर्नरांनी १९७९ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, माफी दिली.

पुढे १० सप्टेंबर १८९७ रोजी हेझल्टनजवळील लॅटिमर गावाकडे संपकऱ्यांचा एक निःशस्त्र मोर्चा अमेरिकेचा ध्वज घेऊन निघाला. बहुतेक जण स्लाव्ह वंशाचे. शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि १९ जण ठार झाले. अनेकांच्या गोळ्या पाठीत लागलेल्या होत्या. खटला झाला, १८९८ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. पोलिश आणि स्लोव्हाक मजुरांना त्या दिवशी समजले की या नव्या देशात कज्जा नेण्यासाठी त्यांना दरवाजाच नाही. ज्याला दरवाजा नाही तो भिंत फोडू पाहतो, हे आपणही आपल्या समाजात पाहिले आहे.

अशा वेळी जॉन मिचेल हा तरुण पुढे आला. जन्म १८७० चा, इलिनॉय राज्यातला. लहानपणीच आईबाप गेलेले, कोवळ्या वयात खाणीत उतरलेला. अठ्ठाविसाव्या वर्षी तो संयुक्त खाणकामगार संघटनेचा अध्यक्ष झाला. तो गळ्यापर्यंत बटणे लावलेला लांब काळा कोट घाली; परदेशी मजुरांना त्यामुळे तो पाद्रीसारखा दिसे. तो प्रत्येक सभेत सांगे की तुम्ही काढता तो कोळसा आयरिशांचा नाही की पोलिशांचा नाही, तो नुसता कोळसा आहे. १९०० सालच्या संपात मजुरीत दहा टक्के वाढ मिळाली. ते निवडणुकीचे वर्ष होते, म्हणून मालक नमले. परंतु संघटनेशी बोलायला ते तयार नव्हते, आणि बाकीची गाऱ्हाणी जशीच्या तशी राहिली.

१२ मे १९०२ रोजी काम थांबले. मागण्या चार होत्या : मजुरीत वीस टक्के वाढ, आठ तासांचा दिवस, कोळशाचे न्याय्य वजन आणि संघटनेला मान्यता. मालकांच्या वतीने बोलणारे प्रमुख गृहस्थ म्हणजे रीडिंग रेल्वेचे अध्यक्ष जॉर्ज बेअर. एका नागरिकाने त्यांना ख्रिस्ती धर्माचे स्मरण देऊन तडजोडीची विनंती केली. १७ जुलैच्या उत्तरात बेअर यांनी कळविले की कामगारांच्या हिताची काळजी चळवळे घेणार नाहीत. देवाने आपल्या अगाध ज्ञानाने या देशातील संपत्ती ज्या ख्रिस्ती सद्गृहस्थांच्या हवाली केली आहे, तेच ती घेतील. हे पत्र वृत्तपत्रांत छापून आले आणि देशभर टीकेचे मोहोळ उठले. देवाचे नाव तिजोरीच्या कुलपासाठी वापरलेले सामान्य श्रद्धावंतांना रुचले नाही.

योगायोग असा की त्याच दिवशी इंडियानापोलिस येथे संघटनेचे अधिवेशन भरले होते. अन्य राज्यांतील मऊ कोळशाच्या खाणकामगारांनीही सहानुभूतीचा संप करावा, असा प्रश्न होता. त्यांचे मालकांशी करार झालेले होते. मिचेलने आग्रह धरला की दिलेला शब्द मोडू नये. ते कामावर राहिले आणि आपल्या पगारातून वर्गणी काढून संपकऱ्यांची चूल पेटती ठेवली. कराराचे पावित्र्य मागणाऱ्याने आधी करार पाळून दाखविला, हे पुढे फार कामास आले.

विल्क्स-बॅरीच्या पूर्व भागात होली सेव्हियर चर्चचे धर्मगुरू होते फादर जॉन करन. ते मुलगे असताना स्वतः ब्रेकरवर दगड वेचीत आणि खाणीत खेचरे हाकीत. मालकांच्या कचेऱ्यांत जाऊन समेटाचे प्रयत्न त्यांनी पुनःपुन्हा केले, मिचेलला साथ दिली आणि त्याच वेळी आपल्या लोकांना हिंसेपासून परावृत्त केले. अकरा वर्षांपूर्वी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. कामगाराला कुटुंब पोसता येईल इतकी मजुरी मिळावी आणि त्याला संघटना करण्याचा नैसर्गिक अधिकार आहे, हे त्यात स्वच्छ सांगितले होते. खाणगावच्या धर्मगुरूंना आपल्या माणसांपाशी उभे राहण्यासाठी तो मोठा आधार होता.

ऑक्टोबर उजाडला. न्यूयॉर्कमध्ये पाच-सहा डॉलर टनाचा कोळसा वीस डॉलरांच्या वर गेला. हिवाळा तोंडावर आला होता. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना घोडागाडीच्या अपघातात पायाला दुखापत झाली होती. ३ ऑक्टोबर रोजी चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही पक्षांना वॉशिंग्टनला भेटविले. मिचेलने सौम्यपणे सांगितले की अध्यक्षांनी लवाद नेमावा, त्याचा निर्णय विरुद्ध गेला तरी आम्ही मान्य करू. मालकांनी त्याच्याशी बोलण्यासही नकार दिला आणि उलट अध्यक्षांनाच सैन्य पाठविण्याचा उपदेश केला. बैठक फिसकटली. राज्याचे सर्व राष्ट्रीय रक्षक दल खाणभागात उतरविण्यात आले. कामगार तरीही कामावर आले नाहीत. बंदुकीने कोळसा निघत नाही, हे तेव्हा उघड झाले.

अखेर धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन यांच्या मध्यस्थीने मालक आयोगाला राजी झाले. तरी त्यात कोणकोण असावे हे त्यांनीच ठरविले : एक सेनाधिकारी, एक खाण अभियंता, एक न्यायाधीश, एक कोळसा व्यवसायातील अनुभवी आणि एक नामवंत समाजशास्त्रज्ञ. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून कोणालाही घ्यायला ते तयार नव्हते. तेव्हा रूझवेल्ट यांनी रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचे प्रमुख ई. ई. क्लार्क यांना ‘समाजशास्त्रज्ञ’ म्हणून नेमून टाकले! नाव बदलताच मालकांची हरकत संपली, याचे हसू अध्यक्षांना पुढे कित्येक वर्षे येत असे. कामगार बहुसंख्येने कॅथलिक असल्यामुळे पिओरियाचे बिशप जॉन लँकेस्टर स्पॉल्डिंग यांनाही घेण्यात आले. सरकारच्या कामगार खात्याचे आयुक्त कॅरोल राइट हे सातवे. अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती जॉर्ज ग्रे होते. २३ ऑक्टोबरला, १६३ दिवसांनी, कामगार खाणीत परतले.

आता जे घडले ते या लेखाचे खरे प्रयोजन आहे. आयोगाने आधी खाणी आणि कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. १४ नोव्हेंबर १९०२ पासून स्क्रँटनमध्ये, नंतर फिलाडेल्फियात सुनावणी चालली. ती १३ फेब्रुवारी १९०३ पर्यंत चालू होती. एकूण ५५८ साक्षीदार तपासले गेले. त्यांपैकी २४० संपकऱ्यांचे, १५४ मालकांचे, १५३ संपात सामील न झालेल्या कामगारांचे आणि ११ आयोगाने स्वतः बोलावलेले. साक्षींची पाने दहा हजारांवर गेली. कामगारांच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो हे शिकागोचे वकील, हेन्री डेमारेस्ट लॉइड हे लेखक आणि खाणभागातील स्थानिक वकील होते. ज्या माणसाने आजवर काट्यावरच्या कारकुनासमोरही तोंड उघडले नव्हते, तो आता न्यायमूर्तींसमोर बोलत होता. त्याच्या बाजूला वकील होता. कंपन्यांना आपली हिशोबाची पुस्तके पुढे ठेवावी लागली.

एके दिवशी ब्रेकरवर काम करणारा बारा वर्षांचा मुलगा साक्षीला उभा राहिला. दिवसाची कमाई ४० सेंट. त्याचा बाप खाणीत मेला होता. बापाच्या नावावर राहिलेले घरभाडे आणि कोळशाची उधारी या पोराच्या पगारातून वळती होत होती. पगाराच्या दिवशी त्याच्या हाती रोकडीऐवजी बाकी दाखविणारी चिठ्ठी पडे. नवऱ्यामागे उरलेल्या देण्यापायी वर्षानुवर्षे राबलेल्या विधवेनेही आपली हकीकत सांगितली. डॉक्टरांनी फुफ्फुसांत साठणाऱ्या भुकटीविषयी सांगितले, धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रामांतील घरांची स्थिती सांगितली. याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो असे म्हटले आहे. येथे तो आक्रोश बिशप स्पॉल्डिंग यांच्या कानी प्रत्यक्ष पडत होता.

सुनावणी एकतर्फी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. संपात न उतरलेल्या कामगारांचेही वकील होते. त्यांच्यावर झालेली मारहाण, त्यांच्या कुटुंबांवर टाकलेला बहिष्कार, दुकानदारांना दिलेल्या धमक्या, सर्व उजेडात आले. आयोगाने या वागणुकीचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. कामगारांना ते ऐकणे जड गेले असेल. परंतु ज्या पीठाने आपले ऐकले त्याने दुसऱ्याचेही ऐकावे, हे त्यांना मान्य करावे लागले.

मार्च १९०३ मध्ये निवाडा जाहीर झाला. मजुरीत दहा टक्के वाढ, तीही १ नोव्हेंबर १९०२ पासून मागे जाऊन. रोजंदारीवरील बहुसंख्य कामगारांचा दिवस नऊ तासांचा. कोळशाच्या काट्यावर आणि कापणी ठरविण्याच्या जागी कामगारांनी स्वखर्चाने आपला माणूस बसवावा, ही मुभा. संघटनेचा सभासद आहे किंवा नाही म्हणून कोणाशी भेदभाव नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कायमचे सलोखा मंडळ. खाणभागाच्या तीन विभागांतून कामगारांचे तीन आणि मालकांचे तीन असे सहा सभासद. तक्रार प्रथम खाणीच्या व्यवस्थापकापुढे, तेथे न सुटल्यास मंडळापुढे. मंडळात एकमत झाले नाही तर संघराज्याच्या न्यायाधीशाने नेमलेला निर्णायक पंच निकाल देईल. निकाल लागेपर्यंत संप नाही आणि टाळेबंदीही नाही.

मागितलेले सर्व मिळाले नाही. वीस टक्क्यांचे दहा झाले, आठ तासांचे नऊ. संघटनेला औपचारिक मान्यता आयोगाने दिली नाही. पण आतापर्यंत दगडाच्या नावाखाली गाडी कापली गेली तर मजुराला गप्प बसणे किंवा काम फेकून देणे एवढे दोनच मार्ग होते. आता तिसरा निघाला. तो अर्ज करू शकत होता आणि मालकाला उत्तर द्यावे लागत होते. १९०६ आणि १९१२ साली काही आठवडे काम थांबले, तरी तोच निवाडा थोड्या फेरफाराने पुढे चालू राहिला. १९१६ च्या करारात आठ तासांचा दिवस आला. अपघाताच्या भरपाईचा राज्याचा कायदा १९१५ साली झाला व पुढच्या वर्षारंभी लागू झाला. दारात प्रेत ठेवून निघून जाण्याचा काळ तेव्हा कायद्याने संपला. १९०२ नंतर जवळजवळ वीस वर्षे त्या भागात तसा दीर्घ संप झाला नाही.

या चित्राला काळी बाजूही आहे. १९११ च्या जानेवारीत लुईस हाइन या छायाचित्रकाराने साउथ पिट्स्टनच्या ब्रेकरवर बसलेल्या मुलांची छायाचित्रे घेतली, म्हणजे पोरांचे बालपण अजून मोकळे झाले नव्हते. आणि २२ जानेवारी १९५९ रोजी नॉक्स कंपनीच्या खाणीचे छत नदीच्या तळाशी फुटले, सस्क्वेहाना नदी आत घुसली आणि १२ कामगार बुडाले. चौकशीत निघाले की कामगार संघटनेच्या विभागाचा अध्यक्षच त्या कंपनीत छुपा भागीदार होता. ज्याला आपले म्हणून काट्यावर बसवायचे, तोच फितूर झाला तर काय होते, याचे हे उदाहरण. संस्था उभारून भागत नाही. तिच्यावर नजर ठेवणारी माणसेही लागतात.

जॉन मिचेल १९०७ साली कॅथलिक झाला आणि १९१९ साली निवर्तल्यावर स्क्रँटनच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले, याचे कारण सांगताना लिओ तेरावे आणि ‘रेरुम नोव्हारुम’ यांचाच उल्लेख केला. ते स्वतः मिचेलच्याच इलिनॉय राज्यात जन्मलेले आहेत.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत कोळशाच्या खाणी नाहीत. पण मजुरी अडकलेली, कामावर जायबंदी झालेली, अंगठा उठवून कागदावर फसलेली माणसे आपल्याही शेजारी राहतात. आपल्या देशात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचे कार्यालय असते. पुष्कळांना ते माहीत नाही, आणि माहीत असूनही एकट्याने ती पायरी चढण्याचे धैर्य होत नाही. रविवारच्या मिस्सानंतर अशा एखाद्या शेजाऱ्याचे कागद वाचून द्यावे आणि सोमवारी त्याच्याबरोबर त्या कार्यालयापर्यंत जावे. फादर करन यांनी आपल्या लोकांसाठी केले ते काम जातीने याहून फारसे वेगळे नव्हते.